कुलपाबाहेरचा शिरीष

"अवो मॅडम, जरा इकडं सरकता का? नाई तं फांदी डोळ्यात जाईन तुमच्या."

वाशीमच्या स्टँडवर पुसद गाडीत मला जागा मिळाली ती अशा माणसाशेजारी, ज्याच्या मांडीवर एक झाड बसलं होतं. काळ्या पिशवीतलं, हातभर उंचीचं, नाजूक बारीक पानांचं. बाहेर भाद्रपदातली भुरभुर चालू होती, खिडकीची काच अर्ध्यावर अडकली होती आणि प्रत्येक खड्ड्याला ती पानं माझ्या गालाला गुदगुल्या करत होती.

"झाड मांडीवर घेऊन कुणी प्रवास करतं का?" मी वैतागून विचारलं.

"मंग काय टपावर टाकू? वारं लागलं तं पानं झडतीन त्याचे."

कंडक्टर आला. त्यानं झाडाकडं पाहिलं, मग त्याच्या मालकाकडं. "याचं अर्धं फाडू का?"

"फाडा," तो माणूस गंभीरपणे म्हणाला. "पाच वर्साच्या आतलंच हाय, पण फाडा."

मला हसू आलं. मी तोंड वळवलं. नव्या नोकरीवर रुजू व्हायला निघालेल्या नर्सनं बसमध्ये अनोळखी माणसाच्या विनोदावर हसू नये, असं मला तेव्हा वाटत होतं.

दिवस कलला. शेतांवर करडा उजेड पसरला... आणि शेजारून एकदम आवाज आला, "अरे! हे काय झालं?"

झाडाची सगळी पानं मिटली होती. जोडीजोडीनं एकमेकांना चिकटून खाली लोंबत होती. तो घाबरून कधी पिशवीतली माती दाबून बघत होता, कधी माझ्याकडं बघत होता... जसं काही मीच केलं.

"आत्ता तं चांगलं होतं! तुमी काई लावलं का याले?"

"मी काय लावणार? मेलं नाही ते. झोपलंय."

"झाड झोपते?"

"शिरीष आहे ना? झोपतं. आमच्या आश्रमशाळेत होता एक. संध्याकाळची प्रार्थना व्हायच्या आत पानं मिटायचा."

त्याला पटलं नाही. "अन सकाळी नाई उठलं तं?"

"तर मला येऊन सांगा. मी नर्स आहे."

"कुठी येऊ सांगाले?" त्यानं इतक्या पटकन विचारलं की मीच गोंधळले.

अनसिंगच्या पुढच्या तांड्यावर, उपकेंद्रात, रुपाबाईंच्या घरी खोली घेतली आहे, असं मी सांगून टाकलं. त्याचे डोळे विस्फारले. "जिच्या बकऱ्या साऱ्या तांड्याचं हिरवं खातेत, थे रुपाबाई? मी तिच्या बाजूलेच राह्यतो!"

मग हळूच... "आडनाव काय तुमचं?"

"राठोड. का?"

"काई नाई. चांगलं हाय." तो खिडकीकडं वळला. "मी चव्हाण. धनराज चव्हाण."

आमच्या बंजाऱ्यांत राठोडाचं लग्न राठोडाशी होत नाही, चव्हाणाशी होतं. त्यामुळं हा प्रश्न एवढ्या लवकर का आला ते मला कळलं. कळलं नाही असं मी दाखवलं. काचेत मात्र त्याचं हसू स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी अजून केस विंचरत होते, तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली.

"सिस्टर! उठलं! सारं उठलं!"

(आमचं निम्मं बोलणं आमच्या गोरमाटी बोलीत व्हायचं, निम्मं वऱ्हाडीत. इथं बाकीच्यांचं वऱ्हाडीत सांगते, माझं शाळेतल्या मराठीत.)

धनराजचं घर नवं होतं. आकाशी रंगाच्या दोन खोल्या, पुढं मोकळं अंगण, त्यात एक तुळससुद्धा नाही. त्यानं भिंतीला लागून खड्डा खणायला घेतला होता.

"एवढ्या जवळ?" मी म्हणाले. "उद्या मोठा झाला की फांद्या पत्र्यावर येतील. शिरीषाचं लाकूड ठिसूळ असतं. आमच्या शाळेत वादळात एक फांदी थेट स्वयंपाकघरावर पडली होती. त्या दिवशी सगळ्यांना मुरमुरे."

"मंग कुठी लावू?"

आम्ही अंगणभर फिरलो. दुपारचं ऊन कुठून येतं, दारावर सावली कुठून पडेल, याचा अंदाज घेत. शेवटी तो म्हणाला, "तुमी अठी उभ्या राहा. झाड समजून. मी सावली पाह्यतो."

मी उभी राहिले. हातसुद्धा थोडे पसरले, वेड्यासारखे. तो उंबऱ्यावर बसून बघत राहिला... बघतच राहिला.

"सावली खाली असते, चव्हाण."

"हाव ना," तो म्हणाला, पण नजर खाली गेली नाही.

शेजारच्या ओट्यावर रुपाबाई मोठ्यानं खोकल्या. माझे पसरलेले हात आपोआप खाली आले.

त्याच जागी खड्डा झाला. भिंतीपासून चांगला लांब. तळाशी त्यानं जुनं शेणखत टाकलं, पिशवी ब्लेडनं अलगद चिरली, मुळांची माती सुटू दिली नाही. मी माझी जुनी ओढणी फाडून पट्टी दिली. काठीला झाड बांधायचं, पण सैल, वाऱ्यात थोडं हलू द्यायचं म्हणजे बुंधा धरतो, असं तो म्हणाला. पाणी बुंध्याशी ओतायचं नाही, बाहेरून गोल आळं करायचं, हे मी सांगितलं. आणि बाभळीच्या काट्यांचं कुंपण मात्र आम्ही दोघांनी भांडून भांडून केलं, कारण दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला ते नीट जमत नाही.

"एवढी निगा तं माह्या मालकानं माही कधी केली नाई," रुपाबाई म्हणाल्या.

"तुमाले बकऱ्या खात नव्हत्या ना, काकी," धनराज म्हणाला.

पुढचे काही आठवडे असेच गेले. संध्याकाळी मी उपकेंद्रातून परतायची आणि तो अंगणात झाडाशी काहीतरी करत असायचा. खालून फुटलेले कोंब काढायचे की ठेवायचे, यावर आमचा वाद. त्याला झाड भरगच्च हवं होतं. मी म्हणायचे, एक खोड सरळ वर जाऊ दे, मगच डोक्यावर छत्री धरेल. शेवटी त्यानं एक कोंब माझ्यासाठी काढला आणि एक स्वतःसाठी ठेवला.

एकदा मी विचारलं, "शिरीषच का? आंबा लावायचा, सीताफळ लावायचं. काही खाता तरी आलं असतं."

तो आळ्यातली माती हातानं सारखी करत राहिला. मग म्हणाला, "आमी ऊसतोडीले जातो ना, सांगलीकडं. कारखान्याच्या बाजूले सायबाचा बंगला हाय. त्याच्यापुढं शिरीष. चैत्रात असा फुलते... साऱ्या रस्त्यानं वास. आमचं पाल बरोब्बर समोर. लहानपणी माय भाकरी थापे अन मी त्या झाडाकडं पाहत बसो. तवाच ठरवलं, आपलं घर झालं का पुढं हेच."

तोडीला. म्हणजे हासुद्धा जाणाऱ्यांपैकीच.

माझे आईबाबा दर दिवाळीनंतर जायचे. घराला कुलूप लागायचं आणि मी आश्रमशाळेत. सुट्टीत सगळ्यांची घरं उघडी असायची, माझं बंद. त्या बंद दारासमोर उभी राहून मी कधीतरी ठरवलं होतं, जाणाऱ्या माणसाशी लग्न करायचं नाही. कधीच नाही.

दिवाळी झाली आणि तांड्यावर ट्रक आले. भांडी, गोधड्या, कोयते, कोंबड्या, सगळं चढलं. धनराज मुकादमाचा ट्रॅक्टर चालवायचा. त्याचे वडील दौलतसिंग आणि आई सोनीबाई तोडीवर. सोनीबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि ट्रकमध्ये चढल्या.

धनराज कुंपणापाशी आला.

"सिस्टर, घराले तं कुलूप लावलं. झाडाले कसं लावू?"

"मी घालीन पाणी."

"रोज नोका टाकू. चार-पाच दिवसाआड, पण भरपूर टाका. मुळं खाली गेले पायजे."

"मला माहीत आहे."

"माहीत हाय, मले माहीत हाय." तो हसला. "पण असं काईतरी बोललो नाई तं मंग दुसरंच काईतरी बोलीन मी."

ट्रकनं हॉर्न दिला आणि ते दुसरं काहीतरी राहूनच गेलं.

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज, तोंडावर उसाची धूळ. "झाड दाखवा."

मी मोबाइल झाडापुढं धरला. पानं मिटलेली.

"अजून झोपलंच हाय का हे?"

"संध्याकाळी फोन केला तर काय दिसणार?"

"सकाळी मी उसाच्या फडात असतो. तठी रेंज नसते." मग जरा थांबून, "बरं... झोपलेलं तं झोपलेलं. थोडं बाजूले करा मोबाइल."

"का?"

"मांगं कोणीतरी उभं हाय ना. तिलेबी पाह्यतो जरा."

हे रोजचं झालं. झाड दाखवा, असं म्हणून सुरुवात व्हायची आणि झाड मिनिटभरात संपायचं. मग दिवसभरात कुणाचं बाळंतपण, कुणाला विंचू चावला, कुणी गोळ्या फेकून दिल्या, हे माझं. ट्रॅक्टर कसा रुतला, आईनं आज कोणती भाजी केली, कारखान्यापुढं रांगेत किती तास गेले, हे त्याचं. एकदा कारखाना बिघाडामुळं बंद पडला. त्या दिवशी त्यानं सकाळी फोन केला. ऊन नुकतं अंगणात आलं होतं आणि झाडाचं पान न् पान उघडलेलं. तो बघत राहिला. मग म्हणाला, "वाढलं ना थे." मी घाईघाईनं म्हणाले, ड्युटीला उशीर होतोय.

पौषात थंडी पडली आणि शिरीष पिवळा पडू लागला. मी पाणी वाढवलं, तो आणखी पिवळा पडला. मग पाणी तोडलं. एका सकाळी बघते तर एकही पान नाही. नुसती काठी उभी, शेजारी बांधलेल्या काठीसारखीच.

त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा मी कॅमेरा सुरूच केला नाही.

"काय झालं? काहून अंधार?"

"धनराज... गेलं ते. मी मारलं. पाणी जास्त झालं असेल..." आणि मला पुढं बोलता आलं नाही. ऐन बाळंतपणात न डगमगणारी मी, एका हातभर झाडासाठी मुसमुसत होते.

"ऐका. ऐका तं खरं. नख लावा त्याच्या सालीले. हळू. काय रंग दिसते?"

मी मोबाइलच्या उजेडात बुंध्याला नख लावलं. तपकिरी साल निघाली. आतून ओलसर, कोवळा...

"हिरवा."

"मंग? जितं हाय. थंडीत त्याचे पानं झडतेच. बंगल्यापुढचंबी आत्ता उघडंच उभं हाय, पाहून येतो मी रोज. तुमाले सांगाचंच राह्यलं."

मी डोळे पुसले. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "झाडासाठी रडल्या?"

"...मग आणखी कशासाठी?"

"नाई. विचारलं आपलं."

त्या दिवसापासून आम्ही दोघंही जरा जपून बोलायला लागलो. जपून बोलायला लागलं की माणसानं समजावं.

आणि नेमकं तेव्हाच बाबांचा फोन आला. मानोऱ्याकडच्या आमच्या तांड्यावर रविवारी पाहुणे येणार होते. मुलगा वाशीमजवळच्या मालेगावला शाळेत शिक्षक. पक्कं घर, पक्की नोकरी. कुठं जाणार नाही, येणार नाही. मी आयुष्यभर जसा मागितला होता, अगदी तसा.

मी धनराजला सांगितलं. सरळच सांगितलं.

त्याच्यामागं इंजिनाची घरघर चालूच होती.

"चांगलं हाय," तो म्हणाला. "मास्तर हाय म्हणजे... चांगलंच हाय."

बस. एवढंच.

मी फोन ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. झाडाला पाणी घातलं, पण रागानं घातलं. चांगलं हाय म्हणे! झाडाची काळजी करायला फोन करता येतो, आणि माझ्यासाठी एक "नको" म्हणता येत नाही?

मी फोन उचलेना म्हणून त्यानं रुपाबाईंना लावला. त्या ओट्यावर बसून एवढ्या मोठ्यानं बोलत होत्या की आख्ख्या तांड्याला कळावं. "रविवारी पाहुणे येऊन राह्यले तिले पाहाले! अन तू चालव ट्रॅक्टर! चालव, बाप्पा, चालव! ऊसच नेऊन घाल आयुष्यभर!"

शनिवारी संध्याकाळी मी आळ्यातलं गवत काढत होते. कुणीतरी फाटक उघडलं. धुळीनं भरलेले बूट, वाढलेली दाढी, खांद्यावर एक पिशवी. रेल्वेनं वाशीम, तिथून मिळेल त्या गाडीनं. त्यानं झाडाकडं बघितलंसुद्धा नाही.

"निता."

त्यानं मला कधी नावानं हाक मारली नव्हती.

"चांगलं हाय म्हणलो, थे खोटं होतं," तो म्हणाला. "साफ खोटं. मास्तर चांगला असंन. पण मले चांगलं नाई वाटलं. मले जेवण गेलं नाई."

"मग तेव्हाच का नाही बोललास?" मीसुद्धा 'तू'वर आले होते, मला कळलंच नाही.

"काय बोलू? मी जाणारा माणूस. तू एकदा फोनवर सांगतलं होतं, सुट्टीत तुह्या घराले कुलूप राहे म्हणून. मी कोणत्या तोंडानं म्हणू, ये माह्याकडं?"

मी उभी राहिले. हाताला माती होती. पुसायचं सुचलं नाही.

"मी खोटं आश्वासन देत नाई," तो म्हणाला. "हा हंगाम आईबापासंग पुरा करीन. पुढं मळणीयंत्राचं काम भेटते का पाहून राह्यलो, मालेगावात बोललो एकाशी. भेटलं तं भेटलं. नाई भेटलं तं पुन्हा एखाद वर्स जा लागन. हे सारं असं हाय. आता तू सांग... तुले कुठी राहाचं हाय?"

मला कुणी हे विचारलंच नव्हतं. आश्रमशाळेत टाकताना नाही, नर्सिंगला घालताना नाही, उद्या येणाऱ्या पाहुण्यांबद्दलही नाही. मी मान वळवून बघितलं. आकाशी भिंती, कुलूप लागलेलं दार, पलीकडं उपकेंद्राकडं जाणारी वाट. मी एवढी वर्षं जाणाऱ्या माणसाला घाबरत होते. पण माझी नोकरी इथंच होती, मी कुठंच जाणार नव्हते. ज्या घरात मी राहणार, त्याला कुलूप कसं लागेल?

"इथं," मी म्हणाले. "इथंच राहायचंय."

तो एवढ्या मोठ्यानं हसला की ओट्यावर रुपाबाई उठून उभ्या राहिल्या.

"पण बाबांना तू सांगायचं," मी म्हणाले. "मी नाही."

मी बाबांना फोन करून एवढंच म्हणाले की पाहुण्यांना येऊ नका सांगा, मी सकाळी येते आणि एक माणूस घेऊन येते. बाबांनी फोन ठेवून दिला.

सकाळी रुपाबाईंच्या भाच्याची मोटारसायकल मागून आम्ही निघालो. बाबा, हेमसिंग राठोड, बाजेवर बसले होते. डावा पाय सरळ पुढं. तो उसाच्या गाडीखाली सापडला तेव्हापासून वाकत नाही. आई चुलीपाशी.

"तोडीले जातो का?" बाबांनी नमस्कारही पुरता होऊ दिला नाही.

"जातो. ट्रॅक्टरवर."

"खोटं तरी बोलाचं होतं रे."

"नंतर तुमालेच कळलं असतं."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. "पोरी, तूच म्हणे ना, जाणारा नको?"

"बाबा, तेव्हा मला वाटायचं की बाईनं एकतर मागं जायचं, नाहीतर वाट बघत बसायचं. मी दोन्ही करणार नाही. मी माझं काम करीन. घर माझ्यानं उघडं राहील."

बाबा पायावरून हात फिरवत राहिले. धनराज हात बांधून उभा होता, कान लाल झालेले. मी पहिल्यांदा त्याला घाबरलेला बघत होते, आणि मला त्याची इतकी माया आली...

तेव्हा चुलीपासून आई बोलली. एरवी ती पुरुषांच्या बोलण्यात पडत नाही.

"यानं तुले विचारलं का, कुठी राहाचं म्हणून?"

"विचारलं."

"मले कोणी विचारलं नव्हतं," आई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, पण बाबांनी मान खाली घातली. "अवो, पोराले बसा तं म्हणा. कवाचा उभा हाय."

बाबा बाजेवर थोडे सरकले. हातानं शेजारची जागा झटकली. "बस," ते म्हणाले. मग घसा साफ करून, "हंगाम कधी सुटते?"

"चैत्रात."

"मंग लगीन वैशाखातच पाहू."

दुपारी धनराजला परत निघायचं होतं. वाशीमहून संध्याकाळची गाडी, पुढं दोन बदल, आणि परवा पहाटे पुन्हा फड. मी त्याला स्टेशनवर सोडणार आणि तिथून मोटारसायकल घेऊन परत येणार असं ठरलं. वाशीमपर्यंत तो चालवत होता, मी मागं. दोन्हीकडं हरभरा पिकून पिवळा झाला होता. गहू वाऱ्यात लवत होता. घाट उतरलो, सपाट रस्ता लागला आणि मी, इकडंतिकडं कुणी नाही असं बघून, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

गाडीचा वेग एकदम कमी झाला. एक सायकलवाला आम्हाला ओलांडून पुढं गेला.

"का रे? काही बिघडलं का?"

"नाई."

"मग एवढी हळू का चालवतोस? रेल्वे चुकेल ना!"

"चुकणार नाई," धनराज म्हणाला. "तू फक्त हात काढू नको."

मी काढला नाही.